मानसिक आजार असलेल्या स्त्रीची कर्करोग तपासणी: तारीख घेण्याआधीपासून निकाल हातात येईपर्यंत

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमाने होतं. आधी तारीख घेतली जाते, आदल्या रात्री तिला सांगितलं जातं, आणि ती स्किझोफ्रेनियाची औषधं घेते हे डॉक्टरांना तपासणीच्या खोलीतच पहिल्यांदा कळतं. ती टेबलावर झोपायला तयार होत नाही. सगळे परत येतात. फाइलवर शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाही’, आणि मग कित्येक वर्षं कुणी विषयच काढत नाही.

२०२० मध्ये सुमारे ४७ लाख लोकांच्या माहितीचं एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. मानसिक आजार असलेल्या स्त्रियांची स्तनांची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा बरीच कमी होते आणि गर्भाशयमुखाचीही कमी होते, असं त्यात दिसलं. स्किझोफ्रेनियात ही तफावत जास्त होती. ‘या बायका ऐकतच नाहीत’ हे त्याचं सोपं स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. मनोविकारतज्ज्ञांना वाटतं हे काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं, स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटतं आधी मन स्थिर होऊ दे, आणि घरच्यांना वाटतं कुणीतरी सांगेलच. तपासणी तिच्या नकारामुळे हुकते त्याहून जास्त वेळा ती या तिघांच्या मधल्या फटीत हरवते.

पुढचे टप्पे तिच्यासाठी आहेत आणि तिच्यासोबत जाणाऱ्या माणसासाठीही. क्रम बदलू नका. विशेषतः दुसरा आणि चौथा टप्पा गाळला, तर बाकीची मेहनत वाया जाते.

लक्षण असेल तर इथेच थांबा

नियमित तपासणी ही कोणतंही लक्षण नसलेल्या स्त्रीसाठी असते. स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाच्या त्वचेला पडलेला खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, यांतलं काहीही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. मागच्या वर्षीचा अहवाल चांगला होता, ही सबब इथे चालत नाही.

औषधांमुळे इथे एक खास गोंधळ होतो. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अ‍ॅमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. त्याने पाळी लांबते किंवा थांबते आणि स्तनांतून दुधासारखा स्राव येऊ शकतो. म्हणून ‘औषधामुळे असेल’ हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं, आणि त्यामुळेच ते नको तिथेही खपून जातं. स्राव एकाच बाजूने येत असेल, आपोआप येत असेल, रक्ताळ किंवा पाण्यासारखा असेल, तर तो औषधाच्या खात्यावर टाकू नका. दोन्हीकडून येणारा दुधाळ स्रावही डॉक्टरांना सांगायचाच, पण औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आणखी एक. ‘माझ्या छातीत काहीतरी वाढतंय’ असं ती म्हणाली आणि तिला पूर्वी भ्रम झालेले असले, तरी आधी छाती तपासून घ्या. भ्रम असणाऱ्या बाईलाही गाठ होऊ शकते.

टप्पा १: कोणती तपासणी लागू आहे हे कागदावर ठरवा

‘एकदा सगळं चेकअप करून टाकू’ या विचाराने सुरुवात करू नका. एका दिवसात तीन तपासण्या उरकायला गेलात तर पहिली जेमतेम होते, दुसरीला ती थकते, आणि तिसरीचं नाव काढलं की पुढे वर्षभर भांडण होतं. एका वेळी एकच.

गर्भाशयमुखासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या ३० पासून एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) शोधणारी डीएनए चाचणी, दर ५ ते १० वर्षांनी; एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. जिथे पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, वापरतात तिथे साधारणपणे दर ३ वर्षांनी. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, कोणत्या वयात करायची याबाबत देशोदेशी एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाची २०२४ ची शिफारस ४० ते ७४ या वयात दर २ वर्षांनी अशी आहे, तर ब्रिटनमध्ये ५० पासून दर ३ वर्षांनी बोलावतात. मोठ्या आतड्यासाठीची शौचाची चाचणी बहुतेक ठिकाणी ४५ किंवा ५० पासून सुरू होते. तुमच्या आरोग्यव्यवस्थेत जो नियम आहे तो धरा. आई किंवा बहिणीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा.

हे ठरवताना चार प्रश्नांची उत्तरं मिळवा. गर्भाशय काढलं असेल तर गर्भाशयमुखही काढलं होतं का? शस्त्रक्रियेच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. आठवणीवर जाऊ नका. एचपीव्हीची लस घेतली आहे का? घेतली असली तरी तपासणी सुटत नाही, कारण लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. ती बरीच वर्षं धूम्रपान करते किंवा करत होती का? असेल तर फुप्फुसाच्या तपासणीबद्दल वेगळं विचारा, हा मुद्दा हमखास राहून जातो. चौथा प्रश्न लैंगिक संबंधांचा. तो घरच्यांनी गृहीत धरायचा नसतो. ‘तिचा कुणाशी कधी संबंधच आला नाही’ असं सोबतच्या माणसाने परस्पर सांगितलं आणि तपासणी रद्द झाली, असं होतं. तिच्या आयुष्यात काय घडलंय, विशेषतः तिच्यावर काही अत्याचार झालाय का, हे घरच्यांना ठाऊक असेलच असं नाही. हा प्रश्न डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावा.

सुरुवात कशाने करायची? अंगाला कमीत कमी हात लागेल अशा तपासणीने. जिथे उपलब्ध असेल तिथे एचपीव्हीचा नमुना स्वतः घेता येतो: ब्रशसारखी काडी किटवरच्या चित्राप्रमाणे योनीत थोडी आत घालून फिरवायची आणि नळीत ठेवायची. ती गर्भाशयमुखापर्यंत पोचलीच पाहिजे असं नाही. पीसीआर पद्धतीच्या (विषाणूचा अंश अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या) चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. आतल्या तपासणीच्या नुसत्या कल्पनेने जिचं अंग थरथरतं तिच्यासाठी हा मोठा आधार आहे. मात्र निकाल पॉझिटिव्ह आला तर पुढे आतली तपासणी करावी लागेल, हे तिला आधीच सांगा. नंतर कळलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं.

तपासा: कागदावर एकाच तपासणीचं नाव आहे का, आणि ती तिच्या वयाला लागू आहे का?

टप्पा २: तिला विचारा, आणि खरं सांगून विचारा

मानसिक आजार आहे म्हणजे निर्णय घेता येत नाही, असं नसतं. निर्णयक्षमता त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते. पैशांचा हिशेब न जमणारी बाई स्वतःच्या शरीराबद्दल व्यवस्थित ठरवू शकते. काय करणार आहेत, कशासाठी, आणि नाही केलं तर काय होऊ शकतं, या तीन गोष्टी तिने स्वतःच्या शब्दांत सांगितल्या की पुरेसं आहे.

सर्वांत वाईट सुरुवात म्हणजे ‘नुसतं रक्त तपासायचंय’ असं सांगून नेणं. त्या दिवसापुरती ती खोलीपर्यंत पोचेल. पण जिला आधीच लोकांवर संशय येतो तिचा संशय तुम्ही खरा ठरवलात. यापुढे ती रक्त तपासायलाही येणार नाही, आणि कदाचित तुमच्या हातची गोळीही घेणार नाही.

बोलणं छोट्या तुकड्यांत करा. आज फक्त विषय काढा. दोन दिवसांनी चित्र किंवा माहितीपत्रक दाखवा. मग विचारा, ‘यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?’ हा प्रश्न ‘येशील ना?’ पेक्षा कितीतरी उपयोगी, कारण उत्तरात पुढच्या तयारीची यादीच मिळते. एकीला कपडे काढायची लाज वाटते, दुसरीला दार बंद झालेलं सहन होत नाही, तिसरीला निकालाची धास्ती असते. तिघींची तयारी वेगळी.

यंत्रातून आपल्यावर नजर ठेवतात, असं ती म्हणाली तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. ‘ताई, तुला त्या यंत्राची भीती वाटते हे मला कळलं. आधी ते बंद असताना बघून येऊ या का?’ इतकं पुरे. किरणांची शंका असेल तर खरी माहिती द्या: दोन्ही स्तनांच्या एका मॅमोग्राफीत मिळणारा डोस साधारण सात आठवड्यांत निसर्गातूनच मिळणाऱ्या किरणांइतका असतो.

खोल नैराश्यात अडचण वेगळी असते. तिथे भीती नसते, ‘कशाला जगायचंय मला’ असा सूर असतो. त्यावर व्याख्यान देऊ नका. हे वाक्य कानावर पडलं तर आधी मनोविकारतज्ज्ञांना कळवा, तपासणी नंतर. ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) किंवा आजाराची सततची भीती असेल तर गाडी उलट्या दिशेने जाते: ती दर महिन्याला तपासणी मागेल, दिवसातून अनेकदा स्तन चाचपेल. तिथे ठरलेल्या तारखेपेक्षा जास्त तपासण्या न करणं हाच उपचाराचा भाग असतो.

सावध: ती ‘नाही’ म्हणाली तर तो आजचा नकार आहे. तारीख घालून तसाच लिहून ठेवा, आणि पुन्हा कधी विचारलेलं चालेल हे तिलाच विचारा. जबरदस्तीने किंवा झोपेची गोळी देऊन नेणं हा पर्यायच नाही.

टप्पा ३: काळ आणि वेळ निवडा

तपासणी ही आणीबाणी नसते. आजार उसळलेला असताना, उन्मादाच्या भरात, नुकतंच रुग्णालयातून घरी आल्यावर किंवा औषध बदलल्याच्या आठवड्यात ती करू नका. पण ‘पूर्ण बरी झाल्यावर करू’ ही टाळाटाळ असते. काही आजारांत ‘पूर्ण बरी’ असा दिवस येतच नाही. नेहमीची झोप, नेहमीचं जेवण आणि थोडंफार बोलणं एवढं जमत असेल तर वेळ योग्य आहे.

दिवसातली वेळही मोजून घ्या. रात्री क्वेटियापिन, ओलान्झापिन किंवा क्लोझापिन यांसारखं गुंगी आणणारं औषध घेणारी बाई सकाळी आठला अर्धवट झोपेत असते. तिला अकरानंतरची वेळ मागा. चिंता जास्त असेल तर त्या सत्रातली पहिली वेळ घ्या, म्हणजे ताटकळावं लागत नाही. प्रतीक्षाकक्षातला अर्धा तास खुद्द तपासणीपेक्षा जड जातो, हे मी अनेकींकडून ऐकलंय. मानसिक आजाराचं महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर त्याच दिवशी दोन्ही कामं उरकायचा मोह होतो. इंजेक्शननंतर गुंगी येत नसेल आणि ठिकाण एकच असेल तर जरूर करा, नाहीतर दिवस वेगळे ठेवा.

पाळीचं गणित: गर्भाशयमुखाचा नमुना पाळीच्या दिवसांत घेऊ नये. मॅमोग्राफी पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात करावी, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. शौचाची चाचणीही पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना करू नये. औषधांमुळे पाळीचा नेम नसेल तर तारीख घ्या, पण ऐनवेळी बदलता येईल का हे विचारून ठेवा.

टप्पा ४: केंद्राला आधी फोन करा

हा टप्पा सगळे गाळतात. कुणाला संकोच वाटतो, कुणाला वाटतं की आजार सांगितला तर वेळच मिळणार नाही. पण न सांगता गेलात तर कर्मचाऱ्यांच्या हातात नेहमीचीच मिनिटं असतात आणि त्यांना तिचं गप्प होणं उद्धटपणा वाटतो. आधी तिला विचारा: काय सांगितलेलं चालेल? आजाराचं नाव सांगायची गरज नसते. गरज काय आहे ते सांगायचं.

बोलणं साधारण असं: ‘नमस्कार, माझ्या बहिणीची तपासणी आहे. तिला अनोळखी जागी खूप घाबरायला होतं. तपासणारी व्यक्ती बाई असेल का? नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मिळेल का? मी खोलीत थांबलेलं चालेल का? आणि आदल्या दिवशी पाच मिनिटं खोली बघायला आलो तर चालेल का?’ चारही गोष्टी मिळतीलच असं नाही. पहिल्या दोन मिळाल्या तरी तारीख घ्या. बाई मिळणार नसेल आणि तिला ते चालणार नसेल, तर तारीख घेऊ नका, दुसरं केंद्र शोधा.

तिचा मनोविकारतज्ज्ञही या टप्प्यावर जोडून घ्या. एका परिच्छेदाची चिठ्ठी मागा: चालू औषधं, डोस, घाबरल्यावर ती काय करते, काय केल्याने शांत होते. आजाराचा इतिहास नको, केंद्रातल्या परिचारिकेला तो वाचायला वेळ नसतो.

तपासा: फोनवर कुणाशी बोललात त्यांचं नाव आणि मिळालेलं आश्वासन लिहिलंय का? त्या दिवशी समोर वेगळी व्यक्ती असेल.

टप्पा ५: आदले दोन दिवस

गर्भाशयमुखाच्या नमुन्यासाठी आधीचे दोन दिवस योनीत क्रीम, गोळी किंवा टॅम्पॉन नको, आतून धुणं नको, संबंध नको. मॅमोग्राफीच्या दिवशी छातीवर आणि काखेत पावडर, डिओडरंट, क्रीम लावू नका. त्यातले कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात आणि नसती शंका निघते. वर-खाली वेगळे कपडे घाला, म्हणजे फक्त वरचेच काढावे लागतील. जुन्या मॅमोग्राफीची चित्रं असतील तर सोबत घ्या. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘तपासणी आहे’ म्हटलं की घरात उपास ठरतो आणि सकाळच्या गोळ्या चुकतात. पॅप, एचपीव्ही, मॅमोग्राफी, शौचाची चाचणी, यांतल्या कशासाठीही उपाशी राहायचं नसतं आणि मानसिक आजाराची एकही गोळी थांबवायची नसते.

अपवाद कोलोनोस्कोपीचा, म्हणजे नळीने मोठं आतडं आतून पाहण्याचा, आणि इथे जरा थांबून वाचा. आतडं साफ करण्याच्या औषधाने जुलाब होतात, अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात. लिथियम (मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध) घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात त्यामुळे लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून कोणतं औषध वापरायचं, पाणी किती प्यायचं, लिथियमच्या डोसचं काय करायचं, हे मनोविकारतज्ज्ञ आणि कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर यांनी मिळून आधी ठरवलं पाहिजे. क्लोझापिन घेणाऱ्यांना बऱ्याचदा तीव्र बद्धकोष्ठ असतं; मग नेहमीच्या मात्रेने आतडं साफ होत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. तेही आधी सांगा. जुलाब चालू असताना घेतलेल्या इतर गोळ्या अंगी लागतीलच याचीही खात्री नसते, म्हणून वेळापत्रक लेखी घ्या.

सावध: हात थरथरणं वाढलं, बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, तर लिथियम घेणाऱ्या स्त्रीला ‘घाबरली असेल’ म्हणून झोपवू नका. लगेच रुग्णालयात न्या.

शांत करणारी गोळी हवी असेल तर ती डॉक्टरांनीच लिहून दिलेली असावी आणि तिने स्वतः मागितलेली असावी. घरातल्या जुन्या पट्टीतली जास्तीची गोळी देऊ नका. आधीच्या औषधांसोबत गुंगी आणि श्वासाचा त्रास वाढू शकतो. संमतीची सही गोळी घेण्याआधी. परतताना सोबत कुणीतरी हवंच.

टप्पा ६: तपासणीच्या खोलीत

आत गेल्यावर पहिलं वाक्य तिनेच बोलावं, जमत असेल तर: ‘मी हात वर केला की थांबायचं.’ हा इशारा कपडे बदलण्याआधी ठरवा आणि एकदा करून पाहा. पहिल्या वेळी हात वर केल्यावर तपासणारी खरोखर थांबली की पुढचं अर्धं काम होऊन जातं. सोबतच्या माणसाने तिच्या डोक्याच्या बाजूला थांबावं आणि तिच्या वतीने उत्तरं देऊ नयेत.

आतल्या तपासणीत मागण्यासारखं बरंच असतं, पण ते मागता येतं हेच ठाऊक नसतं. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी ठेवण्याचं साधन, लहान मापाचं मागता येतं. ते कोमट करून, ओलं करून वापरता येतं. काही स्त्रिया स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत घालतात, आणि तसं केल्यावर त्यांचं अंग सैल पडतं. पाय अडकवायचे पाळणे नको असतील तर कुशीवर झोपूनही नमुना घेता येतो. सगळे कपडे काढायचे नसतात. कमरेपासून खाली चादर पुरते. ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे त्यांना ‘सैल सोडा, काही होत नाही’ हे वाक्य नको असतं. त्याऐवजी प्रत्येक कृतीआधी एक वाक्य: ‘आता मी मांडीला हात लावतेय.’ नजर शून्यात गेली, हाकेला उत्तर येईना, तर ती शांत झाली असं समजू नका. ती तिथून मनाने निघून गेली आहे. काम थांबवा, डोळे उघडे ठेवायला सांगा, पाय जमिनीला टेकवा, तिच्या नावाने हाक मारा, खोलीतल्या वस्तूंची नावं विचारा.

मॅमोग्राफीत साधारण प्रत्येक स्तनाची दोन, अशी चार चित्रं घेतात. दाब प्रत्येक वेळी काही सेकंदांचाच असतो, पण तो दाबच असतो. ‘काहीच दुखत नाही’ असं सांगू नका. तंत्रज्ञ चित्र घेताना काचेच्या आड जातात, आणि ती क्षणभर एकटी पडते. याची कल्पना नसेल तर ती ऐन क्षणी हलते आणि चित्र पुन्हा घ्यावं लागतं. मोठ्याने आकडे मोजायला सांगा, तिला शेवट कुठे आहे ते कळतं. आवाज ऐकू येणाऱ्या स्त्रीला एका कानात तिच्या आवडीचं काहीतरी ऐकत राहता येईल का, हे विचारून घ्या. दुसरा कान सूचनांसाठी मोकळा.

शौचाच्या चाचणीत अडचण घरातच असते. नमुना लघवीत किंवा भांड्यातल्या पाण्यात मिसळू द्यायचा नाही, नळीवर तारीख घालायची, किटवर लिहिलेल्या मुदतीत पोचवायचा. घाणीच्या भीतीने ग्रासलेल्या स्त्रीसाठी हातमोजे आणि टाकून देता येईल असा कागद आधी जमवा. बऱ्याच किट कपाटात पडून मुदत संपते, तेव्हा दिवस ठरवून द्या.

टप्पा ७: अर्ध्यावर थांबावं लागलं तर

थांबा. कपडे घालू द्या, पाणी द्या, बाहेर बसा. मग एवढंच विचारा, आज पुन्हा की दुसऱ्या दिवशी? ‘एवढं सगळं तुझ्यासाठी केलं’ हे वाक्य गिळून टाका. बाहेर पडण्याआधी तपासणाऱ्या व्यक्तीकडून दोन ओळी लिहून घ्या: कुठपर्यंत झालं, काय जमलं, कशाने थांबलं. ‘दार उघडं ठेवल्यावर टेबलावर झोपली, स्पेक्युलम दिसल्यावर उठली’ या नोंदीवरून पुढच्या वेळचं ठरवता येतं. ‘सहकार्य नाही’ वरून काहीच ठरत नाही. आतली तपासणी नाहीच जमली तर स्वतः नमुना घेण्याचा पर्याय पुन्हा विचारा.

टप्पा ८: निकाल, आणि निकालानंतर

तपासणी झाली की घरात सुटकेचा श्वास पडतो आणि निकाल आणायचा राहतो. निघतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: निकाल कधी, कशाने येणार, आणि त्या तारखेपर्यंत न आल्यास कुणाला फोन करायचा. ‘काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक’ असं धरू नका. नैराश्यात न उघडलेल्या पत्रांचा आणि न उचललेल्या फोनचा ढीग साचतो, म्हणून तिची हरकत नसेल तर दुसऱ्या एका विश्वासू माणसाचा नंबर द्या.

वाट पाहण्याचे दिवस तिला जड जाणार असतील तर त्याच काळात मनोविकारतज्ज्ञांची भेट ठेवा. आणि निकालातले शब्द तिला आधीच समजावून सांगा, कारण कागद हातात आल्यावर समजावणं फार उशिराचं असतं.

‘नमुना अपुरा’ म्हणजे चांगला निकाल नव्हे. पुन्हा द्यावा लागतो. मॅमोग्राफीच्या अहवालात ‘बाय-रॅड्स ०’ ही श्रेणी असेल तर त्याचा अर्थ माहिती अपुरी, आणखी चित्रं हवीत. पहिल्या चित्रांनंतर पुन्हा बोलावलं जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. शौचाच्या चाचणीत रक्त सापडलं तर पुढची पायरी कोलोनोस्कोपी आहे. ‘पुन्हा एकदा तीच चाचणी करून बघू’ यात धोकादायक वेळ जातो.

एचपीव्ही पॉझिटिव्ह हा निकाल सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करतो. तो कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग, १० पैकी सुमारे ९, दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवतं; जे टिकतात त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. म्हणून या कागदावरून कोण कुणाशी कसं वागलं याचा कसलाही पुरावा मिळत नाही. जोडीदाराबद्दल संशयाचे भ्रम असलेल्या घरात हे वाक्य निकालाच्या आधी, डॉक्टरांच्या तोंडून, दोघांसमोर यायला हवं.

पुढची तपासणी ठरली, मग ती कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणं) असो वा बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं), तर टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा. पहिल्या तपासणीची संमती दुसरीला लागू होत नाही. आणि सगळे थकलेले असताना नेमकी इथेच गळती होते, त्यामुळे निकाल सांगणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीतूनच पुढची तारीख घेऊन निघा.

कर्करोगाचं निदान झालंच तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या. उदाहरणार्थ, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचं शरीरात होणारं, ते काम करण्यासाठी लागणारं रूपांतर अडवतात. त्या अचानक बंद करायच्या नसतात, डॉक्टर दुसरी गोळी सुचवतात.

निकाल चांगला आला असेल तर एकच काम उरतं. पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष मनोविकारतज्ज्ञांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण ती फाइल दर भेटीत उघडली जाते. खाली या वेळी तिला काय उपयोगी पडलं तेही: लहान स्पेक्युलम, अकरानंतरची वेळ, बाई तंत्रज्ञ, दार किंचित उघडं.